साठ दिवसांची मुभा

२१ ऑगस्ट २०१३ ची पहाट. सीरियाची राजधानी दमास्कसच्या वेशीवरच्या घौटा भागात सरीन वायू भरलेली रॉकेटं पडली. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली उतरतो. बॉम्बच्या भीतीनं तळघरात झोपलेल्यांना तिथंच त्यानं गाठलं. अमेरिकी सरकारचा अंदाज १,४२९ मृतांचा, त्यांत किमान ४२६ मुलं. इतरांचे आकडे याहून कमी आहेत. पण मुलं मेली, यावर वाद नाही.

*

२९ ऑगस्ट. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सीरियावर लष्करी कारवाई करण्याचा पंतप्रधान कॅमेरन यांचा ठराव २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला. त्यांच्याच पक्षाच्या तीस खासदारांनी विरोधात मत दिलं. इराक युद्धाच्या वेळी सभागृहाला जे सांगितलं गेलं, ते कुणी विसरलं नव्हतं. कॅमेरन यांनी निकाल त्याच रात्री मान्य केला. हरलेल्या पंतप्रधानाचं हे वागणं मला मोठं वाटतं.

*

३१ ऑगस्ट, शनिवार. अमेरिकी युद्धनौका भूमध्य समुद्रात सज्ज. राष्ट्राध्यक्ष ओबामा व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये आले आणि म्हणाले की, हल्ल्याचा निर्णय मी घेतला आहे, पण आधी अमेरिकी काँग्रेसची संमती घेणार. संमतीशिवायही मला तो अधिकार आहे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. २००७ मध्ये उमेदवार असताना याच गृहस्थांनी नेमकी उलट भूमिका घेतली होती: प्रत्यक्ष वा तातडीचा धोका नसेल तर राष्ट्राध्यक्षाला एकट्यानं हल्ल्याचा आदेश देता येत नाही. माझ्या मते उमेदवार ओबामा बरोबर होते. युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेनं पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिला आहे.

*

या संमतीसाठी व्हाइट हाउसनं काँग्रेसला दिलेला ठरावाचा मसुदा सैल होता. त्यात मुदत नव्हती, जमिनीवर सैन्य उतरवायला मनाईही नव्हती. सिनेटच्या परराष्ट्र समितीत डेमोक्रॅट मेनेंडेझ आणि रिपब्लिकन कॉर्कर यांनी तो नव्यानं लिहिला. मुदत साठ दिवस, फार तर आणखी तीस. कारवाई फक्त सीरियात. लढाईसाठी पायदळ नाही. ४ सप्टेंबरला समितीनं तो १० विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. एड मार्की यांनी ‘हजर’ एवढंच नोंदवलं. बाजूनं डेमोक्रॅट डर्बिन आणि रिपब्लिकन मॅकेन, विरोधात डेमोक्रॅट मर्फी आणि रिपब्लिकन रँड पॉल. पक्षाच्या भिंती कोसळल्या होत्या, प्रत्येकाला आपल्या नावावर उत्तर द्यावं लागत होतं. मतदान हवं ते यासाठीच.

पण त्याच ठरावात मॅकेन यांनी एक कलम घालून घेतलं: रणांगणावरचं पारडं सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या विरोधात झुकवणं हे अमेरिकेचं धोरण असेल. विषारी वायूची शिक्षा करणं वेगळं आणि दुसऱ्या देशातल्या यादवीचा निकाल फिरवणं वेगळं. पहिलं काम साठ दिवसांत होईल. दुसऱ्याला साठ वर्षंही पुरणार नाहीत.

*

शब्दांची एवढी काळजी का, ते जुने ठराव सांगतात. १९६४ चा टोंकिन ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्या कागदावर व्हिएतनामचं युद्ध लढलं गेलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आलेला १४ सप्टेंबर २००१ चा ठराव जेमतेम साठ शब्दांचा. त्यात कुठल्या देशाचं नाव नाही की मुदत नाही. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत बार्बरा ली यांचं. पुढे जे गट २००१ मध्ये जन्मलेही नव्हते, त्यांच्यावरच्या कारवाईलाही हाच आधार दाखवला गेला.

१९७३ चा युद्धाधिकार कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून झाला: संमती नसेल तर साठ दिवसांत कारवाई थांबवा. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनानं ही कारवाई त्या कायद्यात बसतच नाही, असा युक्तिवाद केला. लंगडा युक्तिवाद.

*

आपल्याकडे? संसदेची पूर्वसंमती हवीच, असं राज्यघटना म्हणत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध लष्कर पाठवण्याचा निर्णय नेहरू सरकारचा होता. गोवा भारतात सामील झाल्यावर संसदेनं १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती मंजूर केली. गोवा मुक्त झाला याचा आनंद आहेच. तरी मतदानाचा नियम आपल्याकडेही असावा, असं मला वाटतं.

*

सीरियाच्या ठरावावर पूर्ण सिनेटचं मतदान झालंच नाही. मधल्या दिवसांत रशियानं तोडगा पुढे केला, असद यांनी सुमारे १,३०० टन रासायनिक साठा जाहीर करून तो नष्ट करण्यासाठी सोपवला. ओबामा कचरले, अशी टीका आजही होते. मला ती पटत नाही. क्षेपणास्त्रांनी एवढा साठा नष्ट झाला नसता. मात्र सगळा साठा गेला नव्हता, हे एप्रिल २०१७ मध्ये सीरियातल्याच खान शेखूनवरच्या हल्ल्यानं दाखवलं. तिथं पुन्हा सरीन, पुन्हा मुलं.

त्यानंतर तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सीरियाच्या शायरात हवाई तळावर ५९ टॉमहॉक क्षेपणास्त्रं डागली. काँग्रेसला विचारलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून सीरियावर हल्ला केला. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे कॉमन्ससमोर उभ्या राहिल्या त्या हल्ला होऊन गेल्यावर.