मोडीचा भाव

वस्तु विकत घेण्याचें शास्त्र सगळ्यांनाच थोडेंबहुत येतें; वस्तु घराबाहेर घालविण्याचें शास्त्र मात्र आम्हां मध्यमवर्गीय माणसांना कोणी कधीं शिकविलेलें नसतें. आमच्या माळ्यावर फुटका कंदील असतो, मोडक्या दांड्याची छत्री असते, आणि 'कधीं तरी उपयोगी पडेल' या एका वाक्याच्या आधारावर त्या सर्वांचा संसार वर्षानुवर्षें चाललेला असतो. घरांतून वस्तु मानानें बाहेर पडण्याची एकच वाट आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती, आणि ती म्हणजे मोड. पितळेचा हंडा गळूं लागला किंवा तांब्याच्या घंगाळाला चीर गेली, कीं तें भांडें बाजारांत न्यावें, तराजूंत घालावें, मोडीच्या भावानें त्याची किंमत करावी आणि वर थोडे पैसे घालून नवें भांडें घरीं आणावें. या व्यवहारांत मला लहानपणापासून एका गोष्टीचें नवल वाटे. त्या हंड्यावर आजीचें नांव कोरलेलें असे, कधीं कोणाच्या लग्नाची तिथि असे. दुकानदार त्या अक्षरांकडे पाहतही नसे. भांडें भट्टींत गेलें कीं नांवही वितळून जाई. भांड्याबरोबर तें घरांत आलें, भांड्याबरोबर निघून गेलें. हिशेब पुरा झाला.

मोटारीचें तसें नाहीं. मोटारीवर मालकाचें नांव कोठेंच कोरलेलें नसतें. तें असतें दूर, एका सरकारी नोंदवहींत. आणि मोटार भट्टींत वितळून गेली तरी तें नांव तेथें जसेंच्या तसें उभें राहतें. हें ज्ञान मला माझ्या वडिलांच्या गाडीनें दिलें.

वडिलांना आम्ही तात्या म्हणत असूं. १९९६ सालीं त्यांनीं पांढऱ्या रंगाची मारुति ८०० घेतली. ही गाडी आपल्या देशांत १९८३ सालीं प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. त्या तीस वर्षांत नोकरी करणाऱ्या किती तरी कुटुंबांनीं 'आपली गाडी' हे दोन शब्द प्रथम उच्चारले ते तिच्या दाराशीं उभें राहूनच. आमचेंही तसेंच झालें. तात्यांनीं तिला झेंडूचा हार घातला, चाकांखालीं लिंबें ठेवलीं आणि पुण्याहून थेट जेजुरीला नेली. पंधरा वर्षांनीं नोंदणीची मुदत संपली तेव्हां त्यांनीं ती पांच वर्षें वाढवून घेतली; पुढें आणखी पांच. २०२१ सालीं तीही मुदत संपली. तोंपर्यंत त्यांची दृष्टि अधू झाली होती. त्यांनीं किल्ली खुंटीला लावली ती कायमचीच. तेव्हांपासून गाडी इमारतीच्या मागल्या अंगणांत कडुनिंबाखालीं उभी होती. टायर बसले, टपावर पाल्याचे थर सांचले, इंजिनाच्या उबेची आठवण नसलेल्या त्या पेटींत एका मांजरीनें दोनदां बाळंतपण उरकलें. तात्या मात्र रोज संध्याकाळीं गाडीवरून एकदां फडकें फिरवीत. मग तात्या गेले, आणि तें फडकेंही थांबलें.

दोन महिन्यांनीं इमारतीच्या चिटणिसांची अत्यंत नम्र भाषेंतली चिठ्ठी आली. तिचा मथितार्थ एवढाच होता, कीं जागा मोकळी करावी. मीं भंगारवाल्याला बोलावलें. त्यानें गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली, दारावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, खालीं वांकून पत्रा पाहिला आणि म्हणाला, "अठरा हजार, साहेब. रोख. आत्ताच्या आत्ता."

"आणि कागदपत्रांचं काय?" मीं विचारलें.

"कागदांचं काय घेऊन बसलात, साहेब! आर. सी. द्यायची तर द्या, नाहीं तर राहूं द्या. गाडी उद्यां कापली जाणार. कापलेल्या गाडीचा मालक कोण, हें विचारायला कोण येतो?"

प्रश्न मोठा तात्त्विक होता. नाहींशा झालेल्या वस्तूचा मालक कोण, या प्रश्नाला तर्कशास्त्राचा विद्यार्थीही चटकन् उत्तर देऊं शकणार नाहीं. तो मनुष्य लबाड होता असेंही मला वाटलें नाहीं. त्याच्या बोलण्यांत रोजच्या धंद्याचा मोकळेपणा होता, आणि खिशांतून त्यानें अर्धवट बाहेर काढलेल्या नोटा तर अगदीं खऱ्या होत्या. मीं त्याला दुसऱ्या दिवशीं यावयास सांगितलें आणि शेजारच्या वकीलकाकांकडे गेलों. ते आतां कोर्टांत जात नाहींत. पण कोर्ट अजून त्यांच्यांतून गेलेलें नाहीं.

"गाडी कापली हें तुला कोण सांगणार?" ते म्हणाले. "तोच ना? आणि त्यानें ती न कापतां दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानें तिसऱ्याला दिली, तर? रस्त्यावर कोणाला धक्का लागला, तर पोलीस पहिल्यानें वही उघडतात. वहींत नांव कोणाचें?"

मग त्यांनीं मला कायदा समजावून सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत मालकाची जी व्याख्या आहे तींत किल्ली कोणाच्या खिशांत आहे किंवा पैसे कोणीं मोजले याला महत्त्व नाहीं. साधारणपणें ज्याच्या नांवावर वाहन नोंदलेलें आहे, तो मालक. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत गाडी एकापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती. नोंदवहींत मात्र पहिल्याचेंच नांव राहिलें होतें. तिच्याखालीं एक मूल दगावलें. गाडी आपण केव्हांच विकून टाकली, असें पहिल्या मालकाचें म्हणणें होतें. न्यायालयानें निर्णय दिला, कीं नोंदींत ज्याचें नांव आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातांत सांपडलेल्या गरीब माणसानें गाडी कोणीं कोणाला केव्हां विकली याचा माग काढीत हिंडावें, हें कायद्याला मान्य नाहीं.

मला हा न्याय प्रथम कठोर वाटला. विचार केल्यावर तो शहाणपणाचा वाटला. नोंदवही आहे ती मालकाच्या सोयीसाठीं नव्हे, रस्त्यानें पायीं चालणाऱ्यासाठीं आहे. म्हणूनच चालती गाडी विकणारानें चौदा दिवसांच्या आंत आणि घेणारानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी-कार्यालयाला कळवावें, असा नियम आहे. विकणारानें भरावयाचा नमुना २९ वा आणि नांव बदलण्याच्या अर्जाचा ३० वा. गाडी कायमची निकामी झाली किंवा नष्ट झाली, तरीही मालकानें चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लौकर तसें कळवून नोंदणीचें पुस्तक परत करावें लागतें. मालक वारला आणि वारसाला गाडी ठेवावयाची असली, तर नमुना ३१ चा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. भंगारवाल्याच्या अठरा हजारांत यांपैकीं कांहींच बसत नव्हतें. उलट, मोडलेल्या गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीला चिकटवून ती खपविण्याचा धंदा चालतो, हेंही वकीलकाकांनीं जातां जातां सांगितलें. आयुष्यांत एकदांही विनातिकिट प्रवास न केलेल्या माझ्या वडिलांचें नांव एखाद्या चोराच्या गाडीचा पहारेकरी म्हणून उभें राहील, ही कल्पनाच मला सहन झाली नाहीं.

दुसरी वाट होती ती सरकारनें नोंदलेल्या स्क्रॅपिंग केंद्राची. २०२१ सालच्या नियमांनीं अशीं केंद्रें निघालीं आहेत. तेथें गाडी वजनावर जाते. आमची गाडी सुमारें साडेसहाशें किलोंची. तिचे चौदा हजार तीनशें रुपये होत होते. भंगारवाला अधिक देतो याचें कारण सरळ आहे. तो दार दाराच्या भावानें विकतो, दिवा दिव्याच्या भावानें, आणि जमिनींत मुरणाऱ्या काळ्या तेलाचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाहीं. केंद्राला तेल, पेट्रोल, बॅटरींतलें आम्ल हें सारें आधीं वेगळें काढावें लागतें, गाडी चोरीची नाहीं हें पोलिसांच्या नोंदींशीं ताडून पाहावें लागतें, आणि पैसे रोख न देतां बँकेंत भरावे लागतात.

केंद्राच्या कारकुनानें कागदांची यादी दिली. नोंदणीचें मूळ पुस्तक, आधार आणि पॅन यांच्या प्रती, रद्द केलेला धनादेश, गाडीवर कोणाचें कर्ज नाहीं याची ग्वाही. आणि मालक हयात नसल्यानें मृत्यूचा दाखला व वारसांचा पुरावा. गाडी आधीं माझ्या नांवावर करून घ्यावी लागेल अशी माझी समजूत होती, पण मोडीत काढावयाची तर त्याची गरज नव्हती. तात्यांची गाडी तात्यांचीच म्हणून जाणार होती. या गोष्टीनें मला कां बरें वाटलें, हें मी सांगूं शकत नाहीं.

गाडी घेतांना बँकेचें कर्ज काढलें होतें, हें मला आठवत होतें. तें फिटल्याची नोंद झाली नसेल तर पुनः बँकेचे उंबरे झिजवावे लागणार, या धास्तीनें मीं तात्यांची फाइल उघडली. पहिल्या पावतीपासून शेवटच्या विम्यापर्यंत सर्व कागद तारीखवार लावलेले होते. बँकेचें 'बाकी नाहीं' असें पत्र होतें, पुस्तकांतली कर्जाची नोंद रद्द केल्याचा शिक्का होता, आणि त्या पानाच्या समासांत पेन्सिलीनें, त्यांच्या बारीक अक्षरांत, एकच शब्द होता : 'सुटलों.' मनुष्य आपल्या मागें दागिने ठेवतो, जमीन ठेवतो; व्यवस्थित लावलेली फाइल ठेवणारा बाप मुलांना किती दिवसांच्या हेलपाट्यांतून सोडवितो, हें तेव्हां कळतें.

खरी अडचण आली ती सह्यांच्या वेळीं. नागपूरहून बहिणीची संमति आली. मीं सही केली. आईपुढें कागद ठेवला. तिनें चष्मा लावला, सावकाश सगळें वाचलें, आणि पेन हातांत तसेंच धरून म्हणाली, "शिधापत्रिकेवरून त्यांचं नांव काढलंस. विजेच्या बिलावरून काढलंस. बँकेच्या पुस्तकावरून काढलंस. आतां एवढं एक राहिलं होतं, तेंही काढायचं का?"

कायद्याचें सर्व ज्ञान माझ्याजवळ त्या क्षणीं होतें, आणि त्यांतलें एकही कलम उपयोगाचें नव्हतें. गेले दोन महिने मी जें काम कर्तव्य म्हणून नेटानें करीत होतों, तें तिच्या बाजूनें पाहतां एका माणसाला घरांतून पुनः पुनः बाहेर नेण्यासारखें होतें. मी कांहींच बोललों नाहीं. थोड्या वेळानें तिनें सही केली; पण ती माझ्यासाठीं केली, हें मला दिसत होतें.

ठरल्या दिवशीं केंद्राचा ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. मी मागोमाग गेलों. आवारांत शेंकडों गाड्या रांगेनें उभ्या होत्या. त्यांत कोणाची पहिली होती, कोणाच्या मुलीच्या लग्नांतली होती, हें वजनकांट्याला समजण्याचें कारण नव्हतें. गाडी ताब्यांत घेतल्याचें प्रमाणपत्र मिळालें. नवें वाहन घेतल्यास त्यावर करांत सवलत मिळते. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर दुसरें प्रमाणपत्र मिळतें, तें मागाहून आलें. सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा जपून ठेवतात, असें कारकून म्हणाला. निघतांना मीं त्याला आईचाच प्रश्न विचारला, कीं आतां वहींतून मालकाचें नांव पुसलें जाणार का?

तो म्हणाला, "पुसत नाहींत, साहेब. नोंद राहते. तिच्यापुढें 'नोंदणी रद्द' असं लागतं, एवढंच. पुसलं तर गाडी कोणाची होती आणि तिचं काय झालं, हें पुढं कळणार कसं?"

घरीं येऊन मीं हें आईला सांगितलें. ती डाळ निवडीत होती. हात न थांबवितां ती म्हणाली, "मग ठीक आहे. पोथी संपली म्हणून कोणी फाडून टाकत नाहीं. फडक्यांत बांधून ठेवतात." त्यानंतर तिनें त्या गाडीचा विषय काढला तो केवळ जेजुरीच्या आठवणीपुरता.

माझ्या एका व्यवहारी मित्राला ही सगळी हकीकत मूर्खपणाची वाटते. अठरा हजार हातांत येत असतां चौदा हजार तीनशें घेतले, वर सह्या, दाखले आणि हेलपाटे यांत तीन आठवडे घालविले. एवढ्यानें मिळविलें काय, असें तो चारचौघांत विचारतो. मी त्याच्याशीं वाद घालीत नाहीं. मी त्याला एवढेंच विचारतों, कीं पांच वर्षांपूर्वीं त्यानें रोखीनें देऊन टाकलेली त्याची जुनी गाडी आज कोणत्या गांवीं आहे, आणि कोणाच्या नांवावर आहे? यावर तो चहा मागवितो.