सापडलेला पाव कुणाचा?

मिश्ना, म्हणजे ज्यूंचा जुना कायदाग्रंथ, उघडली की पहिल्याच वाक्याला शिक्षकाची पंचाईत होते. ग्रंथाला प्रस्तावना नाही, मंगलाचरण नाही, हा कायदा आला कुठून याबद्दल अवाक्षर नाही. थेट प्रश्न : संध्याकाळचा ‘शेमा’ (ज्यूंची रोजची प्रार्थना) कधीपासून म्हणायचा? आणि उत्तर काय, तर पुरोहित आपल्या वाट्याचं पवित्र अन्न खायला बसतात तेव्हापासून. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ. स. 70 मध्ये पाडलं. रब्बी येहुदा हनासी यांनी गॅलिलीत हा ग्रंथ सिद्ध केला तो इ. स. 200 च्या सुमारास. म्हणजे संकलन झालं तेव्हाच ती पंगत उठून सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. समोरचं नऊ वर्षांचं पोर साहजिकच विचारतं, “पण ते जेवायला कधी बसायचे?”

इथे शिक्षक ओळखू येतो. एक जण सांगून मोकळा होतो : तारे दिसले की, लिहून घ्या. उत्तर बरोबर असतं, पण तास तिथेच संपतो. दुसरा पोरांना जरा ताटकळत ठेवतो. आणि मग तो ‘कधीपर्यंत?’कडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यावर तीन मतं आहेत : रात्रीच्या पहिल्या पहाऱ्यापर्यंत, मध्यरात्रीपर्यंत, पहाट होईपर्यंत. लगेच पुढे गोष्ट येते. यातलं शेवटचं मत ज्याचं, त्या रब्बान गमलिएलची मुलं लग्नाच्या जेवणावरून रात्री उशिरा घरी आली आणि शेमा म्हणायचा राहिला, असं बापाला सांगू लागली. बाप रागावला नाही. अजून उजाडलं नाही ना, मग म्हणायलाच हवा, एवढंच म्हणाला. चौथीच्या वर्गाला हा बाप फार आवडतो.

लिखित तोराहच्या जोडीने पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेला कायदा म्हणजे मौखिक तोराह. मिश्ना हा तिचा पहिला मोठा संग्रह : सहा विभाग, त्यांत 63 प्रकरणग्रंथ. त्यावरची पुढची काही शतकांची चर्चा म्हणजे गमारा, आणि दोन्ही मिळून ताल्मूद. मिश्नाची सुरुवात दहाव्या वर्षी करावी, असं परंपरा सांगते. इस्रायलच्या सरकारी धार्मिक शाळांत ती साधारण तिसरी-चौथीपासून शिकवतात, आणि तिथे मुलीही शिकतात.

या पहिल्या वाक्याचं कोकणाशी एक विलक्षण नातं आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल ज्यू, ज्यांना गाव ‘शनिवार तेली’ म्हणे, ते शब्बाथ पाळत, सुंता करत आणि शेमा म्हणत. मिश्ना आणि ताल्मूद मात्र त्यांच्याकडे नव्हते. शेमा तोंडपाठ, पण तो कधी म्हणायचा यावरचा वाद ठाऊक नाही! तो वाद एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांबरोबर आणि छापखान्यांबरोबर हळूहळू पोचला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या रात्री मुलाने विचारायचे प्रश्न मिश्नातूनच आलेले आहेत. मुलाला विचारायचं सुचत नसेल तर बापाने त्याला शिकवावं, हेही मिश्नाच सांगते. घराघरात मुलांना मौखिक कायदा शिकवण्याचा मराठीतला हा पहिला वर्ग म्हणायला हरकत नाही.

पण लहानांना मिश्नात शिरवायचं दार कुठलं, असं जाणत्या शिक्षकाला विचारलं तर तो बहुतेक वेळा ‘बावा मेत्सिया’ या प्रकरणग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाचं नाव घेईल. कित्येक पिढ्यांची मुलं गमारा शिकायलाही याच अध्यायापासून बसली आहेत. विषय आहे सापडलेल्या वस्तूंचा. कोणती वस्तू सापडणाऱ्याची, आणि कोणती सापडल्यावर पुकारा करायचा? पहिल्या यादीत विखुरलेली फळं, विखुरलेली नाणी, दोरीत ओवलेले मासे, बेकरीवाल्याचे पाव. दुसरीत भांड्यातली फळं, थैलीतले पैसे, एकावर एक ठेवलेली तीन नाणी, आणि घरी भाजलेले पाव.

यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेता येते. मुरलेल्या बाई तसं करत नाहीत. त्या टेबलावर दुकानातल्या चार पिटा ठेवतात आणि शेजारी शब्बाथसाठी घरी वळलेली ‘हल्ला’, म्हणजे वेणीचा पाव. पिटा चारही सारख्या. कुठली कुणाची, सांगता येत नाही. हल्लेची वेणी मात्र कुणाकडे तीन पेडांची, कुणाकडे सहा पेडांची, कुणाची टोकं आत मुडपलेली, कुणाची तशीच सुटलेली, कुणाच्या घरी वर तीळ, कुणाच्या घरी खसखस. “ही आमच्याकडची नाही, आमची आई टोकं अशी सोडत नाही,” असं एखादी मुलगी म्हणाली की ‘खूण’ ही कल्पना शिकवून झाली. व्याख्या मग हवी तर लिहावी. नाण्यांचंही तेच. मूठभर नाणी फरशीवर सांडायची, बाजूला तिनांची चळत रचायची आणि गप्प राहायचं. चळत आपोआप होत नाही, ती कुणीतरी ठेवली आहे, हे पोरं स्वतःच सांगतात.

मग खरी अडचण उभी राहते. या वयाच्या मुलाला घरी आणि शाळेत एकच शिकवलेलं असतं : सापडलं की परत द्या. आणि इथे पवित्र ग्रंथ सांगतो की विखुरलेली नाणी उचल, तुझी. वर्गात कुजबुज होते. घाबरून काही शिक्षक लगेच प्रामाणिकपणावर प्रवचन सुरू करतात आणि मिश्नाची नीतिकथा करून टाकतात. ते टाळावं. कायदा असा का, हे मुलांनाच काढू द्यावं : खूण नाही म्हणजे मालक कोण ते सिद्ध होणार नाही; ते त्यालाही कळतं, म्हणून तो आशा सोडतो; आणि आशा सोडलेली वस्तू कुणाचीच नसते. आणखी एक गोष्ट : माणूस पैशाची थैली घडोघडी चाचपतो, त्यामुळे पडलेले पैसे त्याला लवकर कळतात, असं ताल्मूद सांगतो. हे ऐकताच वर्गातले अर्धे हात आपापल्या खिशाकडे जातात.

आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारतं. “पण बाई, पडलंय हेच त्याला अजून माहीत नसेल तर?”

या क्षणी उत्तर देणं हा शिक्षकी गुन्हा आहे. कारण चौथ्या शतकात बाबिलोनियात आबाये आणि रावा हे दोन पंडित नेमक्या याच मुद्द्यावर भांडले होते : माहीत नसताना सोडलेली आशा ही सोडलेली आशा धरायची का? रावा म्हणतो धरायची. कळलं असतं तर सोडलीच असती. आबाये म्हणतो, नाही, त्याला कळलेलंच नव्हतं. त्या पोराला एवढंच सांगावं की तुझा प्रश्न आबायेचा आहे, आणि वर्गाचे दोन गट करावेत. निकाल दुसऱ्या दिवशी सांगितला तरी चालतो. (निकाल आबायेच्या बाजूने आहे. रावाशी झालेल्या वादांत तो क्वचितच जिंकतो, म्हणून मुलांना त्याचं फार कौतुक वाटतं.)

पुकारा किती दिवस करायचा, याचा हिशेब गणिताच्या तासालाही शोभेल. रब्बी येहुदा (येहुदा हनासी नव्हेत, त्यांच्या आधीचे) यांच्या मते तीन सण आणि शेवटच्या सणानंतर सात दिवस. तीन दिवस मालकाने घरी जाऊन काय हरवलं ते पाहायला, तीन दिवस परत यायला, एक दिवस खूण सांगायला. जेरुसलेमच्या यात्रेपासून घरापर्यंतचा नकाशा काढला की प्रवचनाची गरजच राहत नाही. परत देण्यासाठी कायदा किती खटाटोप करतो, ते समोर दिसतं. ज्यांना त्याही पलीकडचं हवं, त्यांच्यासाठी हनिना बेन दोसा या रब्बींच्या दाराशी कुणीतरी विसरलेल्या कोंबड्यांची गोष्ट आहे. त्यांनी अंडी खाल्ली नाहीत, पिल्लं वाढू दिली, कोंबड्या फार झाल्या तेव्हा त्या विकून शेळ्या घेतल्या आणि मालक आला तेव्हा त्या शेळ्या त्याच्या हवाली केल्या. त्याआधी खूण विचारायला मात्र ते विसरले नाहीत.

पाठांतराचं काय? कर्मठ वस्त्यांतल्या मुलांच्या शाळांत अध्यायच्या अध्याय पाठ म्हणणाऱ्यांना बक्षिसं मिळतात. त्याला नाक मुरडू नये. मिश्ना तोंडी म्हणण्यासाठीच घडली आहे. तिच्यातल्या याद्या, आकडे आणि जोड्या जिभेवर राहाव्यात अशा बेताच्या आहेत, आणि ती चालीवर म्हणावी असं ताल्मूदच सांगतो. पाढ्यांसारखी ती एकदा बसली की म्हातारपणापर्यंत पुरते. पण नुसतं म्हणणाऱ्यांवर ताल्मूदने टीकाही केली आहे. अर्थ न कळता मंत्र पुटपुटणाऱ्या इराणी मगांच्या रांगेत त्यांना बसवलं आहे. अध्याय धडाधड म्हणून दाखवणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून बेकरीचा पाव सापडणाऱ्याचा का, एवढं विचारावं. त्याने ‘कारण सगळे सारखे’ म्हटलं तर बक्षीस द्यावं.

पद्धत नवी नाही. रब्बी हिय्या यांनी अंबाडी पेरली, तिची जाळी विणली, हरणं धरली, मांस अनाथांना वाटलं आणि कातड्यावर तोराहचे पाच ग्रंथ लिहिले, असं ताल्मूद सांगतो. मग पाच मुलांना एकेक ग्रंथ आणि सहा मुलांना मिश्नाचा एकेक विभाग शिकवला, आणि म्हणाले, आता एकमेकांना शिकवा. जोडीजोडीने वाद घालत शिकण्याची आजची रीत तीच आहे.

त्यासाठी शिक्षकाला प्रत्येक जोडीपाशी जाऊन उभं राहता यायला हवं, आणि घोडं इथे अडतं. एका शिक्षकामागे 25 मुलं, 40 झाली तर मदतनीस, असा हिशेब रावाने घालून दिला. बाराव्या शतकात मायमोनिडिस या ज्यू पंडिताने तो आपल्या संहितेत घेतला : 25 च्या वर गेलं तर मदतनीस, 40 च्या वर दोन शिक्षक. आधुनिक इस्रायलच्या शाळांनी वर्गाची कमाल मर्यादा म्हणून 40 धरली. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी या अर्थतज्ज्ञांनी 1999 मध्ये याच नियमाचा आधार घेऊन चौथी-पाचवीचे निकाल तपासले, आणि लहान वर्गांतल्या मुलांचे गुण त्यांना बरे आढळले. पुढे नव्या आकडेवारीत तो फरक त्यांना दिसला नाही. गुणांचं जे असेल ते असो. 38 जणांच्या वर्गात आबायेचा प्रश्न विचारणाऱ्या पोराचा आवाज शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत पोचत नाही, हे कुठलाही शिक्षक सांगेल. शाळांनी रावाच्या हिशेबातला दुसरा आकडा उचलला. मिश्नाच्या तासापुरता तरी त्यांनी पहिला घ्यावा.