लाईट गेल्यावर
"इंटरनेटवरचा फोन लाईट गेल्यावर वाजेल का?" आजीनं एवढंच विचारलं, आणि माझी सगळी तयारी वाया गेली.

आमच्या सोलापूरच्या घरातला फोन तांब्याच्या तारेवर होता. या तारेतून आवाजाबरोबर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टची वीजही येते. म्हणून एप्रिलच्या दुपारी लाईट जायची, पंखे थांबायचे, माझा मोबाइल मान टाकायचा. आजीचा फोन मात्र चालू. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, फोन चालवणारी वीज नाही. घरातला मोडेम बंद पडला की फोन मुका.

पण तारही थकली होती. पावसाळ्यात इतकी खरखर, की पुण्याहून आत्या काय सांगतेय ते आजीला कळायचं नाही. "बरं, बरं" म्हणून ती ठेवून द्यायची. फोन चालू असणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं.

आजीला एकच नंबर पाठ आहे, घरचा. आजोबा गेल्याचा फोन याच नंबरवर आला होता. नंबर तोच राहणार, याची आधी खात्री करून घेतली. मग मोडेमसाठी छोटा यूपीएस आणला. तो दोनेक तास टिकतो. आजीला तसंच सांगितलं.

जोडणी झाल्यावर तिनं मला मेन स्विच बंद करायला लावला. पंखा थांबला. मी शेजारच्या खोलीतून ०२१७ लावून घरचा नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?"

"मीच, आजी."

"स्वच्छ ऐकू येतंय. ठेव आता. तुझ्या आत्याला लावते."