चांजेचा शिलालेख आणि समुद्रात बुडालेला राजा

उरणजवळच्या चांजे गावी सापडलेल्या एका शिलालेखावर शके १०६० हे वर्ष कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन ११३८ च्या सुमाराचा हा लेख. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी नागुम गावातील जमीन दान दिली, अशी नोंद त्यात आहे. नागुम म्हणजे आजचे नागाव. दान मुलाचे आणि पुण्य आईचे, एवढाच लेखाचा आशय. पण एकाने केलेले सत्कर्म दुसऱ्याच्या पदरात पडू शकते, ही कल्पना साधी नव्हे. सारे श्राद्धकर्म तिच्यावरच उभे आहे.

हीच कल्पना बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्येही गेली. मौद्गल्यायनाला आपली मृत आई प्रेतलोकात उपाशी दिसली. त्याने तिला भात दिला, तर घास तोंडापाशी जाताच त्याचे निखारे झाले. वर्षावास संपताना, सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, भिक्षुसंघाला भोजन घाल, असे बुद्धाने त्याला सांगितले. त्या पुण्याने आई सुटली. चीनमध्ये हा मौद्गल्यायन ‘मुलियन’ झाला आणि त्याची कथा नाटकांतून गावोगाव पोहोचली. जपानमध्ये तिच्यातूनच ‘ओबोन’ हा सण रुजला. त्या दिवसांत जपानी घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि गाईवरून सावकाश परतावे, असा त्यामागचा भाव. (चिनी सातव्या महिन्याची ही पौर्णिमा बऱ्याच वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्याच सुमारास येते. हा केवळ पंचांगाचा योगायोग.)

चीनमधील पितृपूजा अर्थात बौद्ध धर्माहून फार जुनी. आन्यांग येथे सापडलेल्या, तीन हजार वर्षांहून अधिक जुन्या हाडांवर शांग राजांनी पूर्वजांविषयी विचारलेले प्रश्न कोरलेले आहेत. वू दिंग राजाचा दात दुखू लागला, तरी कोणता पूर्वज रुष्ट झाला असेल, याची चौकशी होई. तिथला पूर्वज मेल्यावरही घरातला वडीलधारा राहतो. त्याच्या नावाची पाटी पुजली जाते आणि त्याचा रागलोभ सांभाळावा लागतो. आपल्याकडे मृताला आधी प्रेतावस्था ओलांडावी लागते. सपिंडीकरणानंतरच तो पितरांच्या पंक्तीत बसतो, आणि पुढे पिंडही तीनच पिढ्यांना. जपानमध्ये बहुधा तेहतिसाव्या वर्षी शेवटचा विधी होतो. त्यानंतर मृताचे वेगळे नाव मागे पडते आणि तो कुळाच्या पितरांत मिसळतो.

खरी अडचण येते ती ज्याचा देह मिळाला नाही, तिथी ठाऊक नाही किंवा मागे कोणी उरले नाही, अशा मृताची. चीनमध्ये असा मृत भुकेले भूत होऊन भटकतो. जपानी त्याला ‘मुएनबोतोके’ म्हणतात, म्हणजे कोणाशीच नाते न उरलेला मृत.

उरणच्या इतिहासात असा एक मृत आहे, आणि तो राजा आहे. चांजे येथेच शके ११८२ चा आणखी एक लेख सापडला. त्याच्या आदल्या वर्षीचा लेख शेजारच्या रानवडचा. दोन्ही लेख सोमेश्वर शिलाहाराचे. पुढे सुमारे १२६५ मध्ये देवगिरीच्या महादेव यादवाने त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर हरलेला सोमेश्वर जहाजांच्या आश्रयाला गेला आणि समुद्रात बुडून मेला. त्याच्याबरोबर शिलाहारांची सत्ताही संपली. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच, असे काही अभ्यासक मानतात. त्या दगडांवरच्या वीरांना निदान अप्सरा स्वर्गात नेताना दिसतात.

महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, असे लिहून ठेवणारा हेमाद्री पंडित. तो यादवांचा मंत्री, तेव्हा या वाक्यात विजेत्याची घमेंड आहे. पण ज्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त हे लिहिले आहे, त्याच ग्रंथाचा एक मोठा भाग त्याने श्राद्धविधीला दिला आहे. शत्रूच्या जलसमाधीची अशी थट्टा करणारा माणूस मृतांना कोणी, केव्हा, काय द्यावे याचा बारकाईने विचारही करत होता.

धर्मशास्त्राने अशा मृतांसाठी वाटा ठेवल्या होत्या. देह न मिळाल्यास पळसाच्या देठांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे. शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी दुसऱ्याच दिवशीची सर्वपित्री अमावास्या. मोरा आणि करंजा या मासेमारीच्या बंदरांत हे नियम पोथीपुरते राहत नाहीत. होडीवर गेलेला माणूस परतला नाही, तर त्याची तिथी कोणती धरायची, हा प्रश्न घरच्यांना सोडवावाच लागतो.

तर्पणाच्या शेवटी आणखी एक ओंजळ असते. ज्यांना मुलगा नाही, बांधव नाही, गोत्र सांगणारेही कोणी नाही, त्या सर्वांसाठी ते पाणी सोडतात. सोमेश्वराचा वाटा त्या ओंजळीत येतो.