चौघांची लीग

क्रिकेट मी खेळलो ते गल्लीत, आणि तेही फील्डर म्हणून. म्हणजे चेंडू गटारातून काढणारा म्हणून. तरीसुद्धा दर फेब्रुवारीत माझी एक आयपीएलची टीम असते. भिवंडीत, जिथे यंत्रमागांच्या खडखडाटामुळे माणूस मनातलंही मोठ्यानं बोलतो, तिथल्या आमच्या बँकेच्या शाखेत ही फॅन्टसी लीग चालते. खेळाडू खरे, धावा खऱ्या, मालक तेवढे खोटे. पैशाचा संबंध नाही. शेवटच्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची. त्यामुळे २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हा आमच्या वहीला धक्काही लागला नाही.

निवड फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी. मार्च म्हणजे क्लोजिंग. त्या महिन्यात बँकवाल्याला स्वतःच्या मुलाची इयत्ता आठवली तरी पुष्कळ. चिठ्ठ्या टाकायच्या आणि नागमोडी जायचं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग उलट चौथ्यापासून. चौथ्याला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात, आणि पहिला बिचारा मधली सहा नावं जाताना बघत बसतो.

पूर्वी आम्ही आठजण होतो. आठ अकरे अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या फेरीत ज्याचं नाव घ्यायचं, तो खेळतो की पाणी नेतो हेही सांगता यायचं नाही. तेव्हा माझं धोरण मुदत ठेवीचं होतं: हिऱ्यामागे धावू नये, अकराच्या अकरा जण रोज खेळणारे घ्यावेत. दोनदा जिंकलो. मग बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, आणि २०२२ साली उरलो चौघं: मी, हेड कॅशियरसाहेब, कर्ज विभागातल्या मॅडम आणि शिपाई मामा. धोरण तेच ठेवलं. चार मिसळी मी दिल्या.

डोक्यात प्रकाश पडायला वर्ष लागलं. दहा संघांत मिळून जवळपास अडीचशे खेळाडू. आम्ही उचलणार चव्वेचाळीस. म्हणजे माझा अकरावा गडीसुद्धा रोज खेळणाराच, आणि मामांचाही. तळ सगळ्यांचा सारखा! फरक पडणार तो वरच्या दोघा-तिघांनी. विकेटकीपरसाठी मी दुसऱ्या फेरीतच धावायचो. पण दहा संघांत निदान दहा कीपर, आणि गिऱ्हाईकं चार. घाई कशाला? बॅट आणि बॉल दोन्ही खिडक्या उघड्या ठेवणारा जडेजासारखा माणूस आधी घ्यावा. बी.कॉम.ला दुर्मीळतेचं मूल्य मी घोकून पास झालो होतो. समजलं ते मिसळीचं बिल भरल्यावर.

तेव्हा २०२३ला माझी पहिली चिठ्ठी निघाली आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "बुमराह!"

"पाठ दुखतेय त्याची," मॅडम म्हणाल्या. कर्ज देणाऱ्या माणसाला तारणातला दोष आधी दिसतो.

महिना संपायच्या आत बातमी आली, बुमराह अख्ख्या हंगामाला मुकणार. आता आमच्या नियमात दर आठवड्याला एक खेळाडू बदलता येतो, आणि चौघांच्या लीगमध्ये उरलेल्यांचा ढीग म्हणजे दोनशे जणांचा. हात घातला की काहीतरी लागणारच. पण मी बुमराहला सोडीना. आयुष्यात पहिल्यांदा मोठं नाव घेतलेलं, ते आठ दिवसांत कसं टाकायचं? बुडीत खातं असंच तयार होतं. एप्रिलच्या मध्यावर मामांनी मात्र चहा ठेवता ठेवता ढिगातून एक नाव उचललं: मोहित शर्मा. आदल्या वर्षी गुजरातचा नेट बॉलर, लिलावात किंमत पन्नास लाख, पहिले सामने बाहेरच बसलेला.

"कुणी विचारत नाही साहेब त्याला, म्हणून घेतला," मामा म्हणाले.

त्यानं २७ बळी घेतले. चार मिसळी पुन्हा मीच दिल्या. मामांनी वर एक्स्ट्रा पाव मागवला.

यंदा हेड कॅशियरसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात मॅनेजरनी भाषण केलं, शाल दिली, नारळ दिला. साहेब शांत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फेब्रुवारीत चिठ्ठ्या किती करणार?"

"तीन," मी म्हणालो.

"चार कर. मी कल्याणहून येईन. बस नाही मिळाली तर फोनवर सांगेन."

मी हो म्हटलं. तेवढ्यात मामांनी वही आणून दिली. साहेबांनी शाल खांद्यावरून काढली, चष्मा लावला आणि गेल्या वर्षीची बेरीज तपासायला बसले. तीत सात गुण कमी निघाले. माझ्याच टीमचे.