कान धरून उठाबशा



तंजावरला येऊन आठ महिने झाले. पलटणीत सतरा वर्षं काढून पेन्शनवर आलो आणि मग डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालो. हवाई दलाच्या स्टेशनवर पहारा देणं हे आमचं काम. इथं पोस्टिंग आली तेव्हा वाटलं होतं की भाषेचे हाल होणार. पण बृहदीश्वराच्या देवळात गेलो तर भिंतीवर मराठी! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा अख्खा इतिहास तिथं दगडात कोरून घेतलाय. बाजारातही एखादे आजोबा जुन्या वळणाच्या मराठीत "कोठले तुम्ही?" असं विचारतात.

आमच्या गार्डरूममधले बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. गप्पांचे विषय तीनच : पोरांची लग्नं, बीपी आणि वजन. वर्षाची मेडिकल जवळ आली की निम्म्या गार्डरूमचा रात्रीचा भात बंद होतो. काट्यावर आकडा बसला की सगळे सुटले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पुन्हा तेच.

पण काटा फक्त किलो सांगतो. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, ते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय असेच. हातपाय बारीक आणि पोट पुढं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत ठेवायची.

हे झालं जाड्यांचं. बारीक माणसाकडे तर कुणी बघतच नाही. माझी आई साताऱ्याकडे गावी असते. वय ७४, वजन ४२ किलो. सगळ्या आळीला कौतुक, "म्हातारीनं अंग कसं हलकं ठेवलंय." गेल्या पावसाळ्यात ओसरीवरून उतरताना पाय दुमडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सुट्टीवर गेलो तेव्हा तिची मांडी बघितली. माझ्या दंडाएवढीसुद्धा नव्हती. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "काका, हाड जुळेल. पण आजींना उचलायला पायांत मांसच नाही."

वयानुसार स्नायू झिजतात. चाळिशीनंतर सुरुवात होते आणि साठीनंतर वेग वाढतो. त्यात माणूस बसून राहिला, चहा-भाकरीवर दिवस काढू लागला, की झीज आणखी वाढते. आणि आजारपणात आठ दिवस अंथरुणावर पडलं तर गेलेलं परत आणायला कित्येक आठवडे लागतात. परत येतच नाही असं मात्र नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी तो व्यायाम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

आता तंजावरची गोष्ट. इथं गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. सकाळी ड्युटीवरून परतताना बघतो, सत्तरीचे लोक चपला काढतात, हात छातीवर आडवे घेऊन उजव्या हातानं डावा आणि डाव्या हातानं उजवा कान धरतात आणि उठाबशा काढतात. याला तोप्पुकरणम् म्हणतात. आपल्याकडे ही मास्तरांची शिक्षा, आणि पलटणीत उस्तादांची. इथं ती भक्ती. पहाटे बायका दारात वाकून कोलम काढतात, म्हणजे आपली रांगोळी. वाकणं, बसणं, उठणं रोजच्या दिवसातच बसवलेलं आहे. त्याला व्यायाम असं नाव कुणी देत नाही, म्हणून तो चुकतही नाही.

डॉक्टर लोक म्हाताऱ्यांची ताकद अशाच उठण्या-बसण्यानं तपासतात. हात छातीवर आडवे ठेवायचे आणि खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठून बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी पडताहेत असं समजून पुढची तपासणी करायची. आमच्या गार्डरूममध्ये करून बघितलं. सगळे पास झाले, पण दोघांचा श्वास ऐकण्यासारखा होता.

मग आईचा कार्यक्रम डॉक्टरांना विचारून ठरवला. भिंतीला टेकवलेली खुर्ची, शेजारी माझी बहीण. पहिल्या आठवड्यात हातांचा आधार घेऊन तीन वेळा उठायचं. खाण्यात, किलोला किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब धरला, म्हणजे तिला रोज ४२ ते ५० ग्रॅम. एक अंडं साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, बाकी डाळ-उसळ. अंड्यावरून आठवडाभर भांडण झालं. शेवटी "औषध समज" म्हटल्यावर खाल्लं. (किडनीचा त्रास असेल त्यांनी हा हिशेब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नये.)

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते. नुसतं चालणं पुरत नाही, हे आपल्या पेन्शनर मंडळींनी ध्यानात ठेवावं. सिव्हिलमध्ये गेल्यावर पहिली पीटी सुटते, आणि दोन वर्षांत पाय बारीक, पोट मोठं. तुमच्यापैकी किती जणांनी परेड सोडल्यापासून एकदाही बैठक मारलेली नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

रोज संध्याकाळी सातला मी फोन लावतो. आई फोन खाटेवर ठेवते आणि मोठ्यानं मोजते. काल हाताचा आधार न घेता आठ झाल्या. मी म्हटलं, "आता दहा कर." म्हणाली, "तू आधी कर, मी ऐकते." गार्डरूममध्ये, बूट घालून, काल मी पंचवीस काढल्या.

जय हिंद.