धामणीचा वाक

वर्षभर मी धनुष्याच्या कामाला हात लावला नव्हता. आश्रमशाळेतल्या नोकरीत मुख्याध्यापकपदाचा प्रभार अंगावर आला. वसतिगृहाचा किराणा, मुलांचे दाखले, ऑनलाइन भरायची माहिती, दुरुस्तीची बिलं आणि त्यातच निवडणुकीचं काम. घरी यायचो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असायची. पडवीत आढ्याला आडवी टांगलेली लाकडं मात्र या काळात स्वतःचं काम करत होती. ती वाळत होती.

त्यांतली एक धामण होती. मित्राच्या शेताच्या बांधावरच्या झाडाची फांदी वळवाच्या वादळात मोडून पडली, तिचा सरळ भाग मी मागून आणला होता. सातपुड्यात धामणीचं लाकूड कुणाला सांगावं लागत नाही. कुऱ्हाडीचा दांडा तिचा, ओझं वाहायची कावड तिची. वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, हा तिचा स्वभावच आहे. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे या झाडाचं नावच धनुष्यावरून पडलेलं दिसतं.

असं लाकूड करवतीनं कापून चालत नाही. करवत सरळ जाते, धागा तसा जात नाही. धागा जिथे मध्येच तुटतो तिथेच पुढे धनुष्य तडकतं. म्हणून पाचरी ठोकून ओंडका फाडायचा, म्हणजे धागा जसा वळतो तसंच लाकूड सुटतं. साल काढायची, दोन्ही टोकांना मेण नाहीतर डिंक फासायचा, कारण ओल टोकांतून सगळ्यात लवकर जाते आणि तिथून भेगा आत शिरतात. मग सावलीत, वारा लागेल असं ठेवून द्यायचं. किती दिवस, हे विचारू नये. मी वजन करून पेन्सिलीनं लाकडावरच लिहून ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. यंदा दिवाळीनंतर वजन केलं, आठवडाभरानं पुन्हा केलं, काटा हलला नाही. पावसाळ्यात हे काम करूच नये. हवेतली ओल लाकडात शिरते, ते मऊ पडतं आणि एकदा वाकवलं की वाकूनच बसतं. दसऱ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत धनुष्याचा हंगाम.

खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढली तेव्हा त्यांच्यावर गंज धरलेला होता. वाकस, रंधा, पटाशी, कानशी, सगळ्यांना तेल आणि दगड. धार लावायला मी जवळजवळ सगळी सुट्टी घालवली, आणि ते बरंच झालं. वर्षभर मी जे काम करत होतो ते सगळं आजच्या तारखेत संपवायचं काम होतं. ती घाई हातात उतरलेली असते. धार लावताना ती थोडी निघून जाते.

लाकडाचं धनुष्य करताना सगळा व्यवहार काढण्याचा असतो. एकदा निघालेला भुगा परत चिकटत नाही. आणि हे काढणं वरवर दिसतं तितकं सरळ नाही. रुंदी अर्धी केली तर ताकद अर्धी होते, हे कुणालाही पटेल. जाडीचं तसं नाही. जाडीचा परिणाम घनाच्या हिशेबानं होतो. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून एक मिलिमीटर काढला की पट्टीचा ताठपणा पावभरापेक्षा जास्त उतरतो. एक मिलिमीटर म्हणजे कानशीचे थोडेसे हात. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी कानस ठेवून देतो आणि फुटक्या काचेच्या धारेनं खरवडतो. काचेनं निघणारी साल इतकी पातळ असते की फुंकर मारली तर उडते.

धनुष्याची पाठ म्हणजे बाणाच्या दिशेची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची. ओढलं की पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब. पाठीला मी हत्यार लावत नाही. सालीखालचा एकच अखंड थर पाठीवर राहिला पाहिजे, त्याला कुठेही चीर जाता कामा नये. सगळं काम पोटाकडून. दाब सोसला नाही तर पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या उठतात. त्या एकदा उठल्या की कुठल्याही पॉलिशनं बुजत नाहीत, त्या जागी धनुष्य कायमचं कमजोर झालेलं असतं.

खरी परीक्षा वाक बघण्याची. भिंतीवर एक आडवी फळी, तिच्या मधोमध धनुष्याची मूठ टेकवायची, दोरीला हूक लावून कप्पीवरून खाली ओढायची आणि स्वतः लांब उभं राहून बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का? मुठीजवळ ताठ, मग हळूहळू वाढत जाणारा वळसा आणि टोकांकडे पुन्हा थोडी ताठ, असं हवं. जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलीची खूण करून तेवढंच खरवडायचं. जिथे जास्त वाकतं त्या जागेला हात लावायचा नाही, तिच्या अवतीभवतीचं कमी करून इतरांनी तिचा भार वाटून घ्यायचा. प्रत्येक वेळी खरवडल्यावर वीसतीस वेळा हलक्या हातानं ओढून लाकडाला नवा आकार समजू द्यायचा. आणि वाकात दोष दिसला की त्याच्या पुढे एक इंचही ओढायचं नाही. हा नियम पाळला तर सहसा लाकूड दगा देत नाही.

वर्षभराच्या खंडानंतर हातांना सगळं आठवत होतं. वाकस कुठे धरायची, रंधा कुठल्या दिशेनं चालवायचा, हे विसरायला होत नाही. डोळा मात्र परका झाला होता. समोर वाक दिसत होता, पण तो सारखा आहे की नाही याचा निकाल डोळा देईना. आपल्याकडे हाताच्या कौशल्याचं कौतुक फार होतं. माझ्या मते धनुष्य करणाऱ्याचं खरं अवजार डोळा आहे, आणि सवय सुटली की तोच सगळ्यात आधी बोथटतो. मी पहिले काही दिवस नुसतं बघण्यात घालवले. ओढायचं, बघायचं, उतरवायचं, टोकं उलटी करून पुन्हा लावायचं. डावी बाजू उजवीकडे गेली की सवयीनं झाकलेला दोष उघडा पडतो. काही जण फोनवर फोटो काढून त्यावर गोल रेघा आखतात. त्यानं मोजता येतं, पण डोळा तयार होत नाही.

मला या दिवसांत १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला तो माणूस आठवत राहिला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं एक लांब, जवळपास १.८ मीटरचं धनुष्य होतं आणि ते अर्धवट होतं. त्यावर हत्याराच्या तासण्याच्या खुणा अजून तशाच आहेत. भात्यात चौदा बाण, त्यातले दोनच पुरे झालेले. संशोधक त्याच्या शेवटच्या प्रवासाबद्दल बरंच लिहितात. माझं लक्ष त्या तासण्याच्या खुणांकडे जातं. त्या पुसायचं काम पुढच्या टप्प्यात, वाक बघताना करायचं असतं. तोही आमच्याच क्रमानं चालला होता.

आधी केलेली धनुष्यं भिंतीवर तशीच होती, दोरी उतरवलेली. वर्षभर न ओढलेलं धनुष्य पहिल्याच दिवशी पूर्ण ओढायचं नाही. आधी दोरी चढवून थोडा वेळ ठेवायचं, मग चार बोटं ओढायचं, मग वीतभर, मग हळूहळू पुढे. फार कोरड्या हवेत लाकडातली ओल आणखी कमी होते, लाकूड ठिसूळ होतं आणि एकदम ताण दिला तर तडकतं. वाल्मीकींच्या रामायणात जनकाघरचं शिवधनुष्य पिढ्यान्‌पिढ्या पेटीत ठेवलेलं आहे. राम दोरी चढवतो, ओढतो आणि ते मधोमध मोडतं. रामाचं बळ त्या कथेचा गाभा आहेच. पण धनुष्य करणारा ती कथा ऐकतो तेव्हा त्याला त्या पेटीतल्या वर्षांचाही विचार येतो.

मी हे शिकलो ते तोरणमाळच्या बाजूला एका पाड्यावरच्या पावरा बाबांकडून. त्यांचं धनुष्य बांबूचं, म्हणजे तिरकमठा. ते लाकडाकडे वळत नाहीत, त्यांना गरजही नाही. बांबूच्या भिंतीत सालीकडे धागे दाट असतात आणि आत जाल तसे विरळ होतात, म्हणजे पाठीला लागणारा चिवटपणा बांबूनं आधीच देऊन ठेवलेला असतो. आमच्याकडच्या कोरड्या डोंगरातली मानवेल जवळजवळ भरीव असते, तिची फाळ जाड निघते. बाबा ती निखाऱ्यावर फिरवत शेकतात. बांबूला घाम सुटतो, पुसत पुसत तो सरळ करायचा. किती शेकायचं हे ते वासावरून सांगतात. मी अनेक हंगाम तो वास ओळखायचा प्रयत्न करतो आहे.

आणि त्यांची दोरीही बांबूचीच. सालीकडची लांब पातळ पट्टी काढून, गुळगुळीत करून, टोकांना फास बांधलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांच्या दोऱ्या कशाकशाच्या असाव्यात याची यादी आहे. मूर्वा, रुई, ताग, स्नायू अशी नावं आहेत आणि त्यांच्यातच वेणू, म्हणजे बांबू. त्याच ग्रंथात धनुष्य ताडाचं, चाप म्हणजे एका जातीच्या बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं, अशी विभागणी आहे. राजाच्या शस्त्रागारासाठी लिहिलेली ती नोंद आजही एका पाड्यावरच्या अंगणात जिवंत आहे, आणि ती जपणाऱ्या माणसाला हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मास्तर, दुसरी दोरी ओलीनं ढिली पडते."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा राहिली नाही, आणि ते योग्यच आहे. तिरकमठा आता होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात, होळीत आणि लग्नकार्यात खांद्यावर दिसतो. पण जी वस्तू फक्त मिरवायला उरते तिची बनावट घसरते. होळीच्या दिवसांत विकायला येणारे कितीतरी तिरकमठे आज ओढायच्या लायकीचे नसतात, कारण ते कुणी ओढणार नाही हे करणाऱ्यालाही माहीत असतं. मला याचं फार वाईट वाटतं. धनुष्याची पारख ओढण्यात आहे. बघून ती होत नाही.

१९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, बाहेरच्या जगात आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात तो राहिला, १९१६ मध्ये क्षयानं गेला. मधल्या पाच वर्षांत सॅक्सटन पोप नावाचा शेजारच्या रुग्णालयातला सर्जन त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. पोपनं लिहिलेल्या पुस्तकांवरून अमेरिकेत लाकडी धनुष्याची आवड पुन्हा उभी राहिली. तिथे शिकवणारा एकच माणूस उरला होता. आपल्याकडे अजून पाड्यापाड्यावर आहेत. मग शिकणारे का नाहीत?

यंदाची धामण मी शाळेतल्या मुलांसाठी घडवली. नवव्या-दहाव्या वर्षाच्या मुलीला सहज ओढता येईल अशी. जड धनुष्य करण्यात मोठेपणा मानणारे पुष्कळ आहेत, मला तो पटत नाही. अंगापेक्षा जड धनुष्य ओढणाऱ्याचा खांदा वर चढतो आणि ती सवय पुढे मोडत नाही. हलकं आणि वाकात निर्दोष धनुष्य करणं जास्त अवघड आहे, कारण पातळ पट्टीत जराशी चूकही लगेच दिसते. उदयपूरकडचा आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर लहानाचा मोठा झाला आणि पुढे तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. आमच्या मुलांच्या घरी तर धनुष्य आधीपासून आहे. मुलं शाळेत आली की ते घरी राहतं, एवढंच काय ते चुकतं.

प्रभार अजून माझ्याकडेच आहे. कागद संपलेले नाहीत, संपणारही नाहीत. मी रोज पहाटेचा एक तास पडवीत ठेवला आहे आणि त्या तासात फोन आत असतो. एका तासात फार काही होत नाही. पण धनुष्याच्या शेवटच्या टप्प्यात एका दिवशी तेवढंच करावं, जास्त करूच नये.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असेल तर काही गोष्टी सांगतो. २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आहे, तेव्हा स्वतःच्या शेतातल्या बांधावरचा बांबू धनुष्यासाठी मोकळेपणानं वापरा. थंडीत, तीन वर्षं झालेली काठी बघून कापा. कोवळ्या काठीला भुंगा लागतो. सावलीत वाळत ठेवा. आणि होळीच्या आधी सातपुड्यात आलात तर तिरकमठा करणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसा, ओढता येईल असं धनुष्य मागा, घासाघीस न करता पैसे द्या आणि तो बांबू शेकत असेल तेव्हा जवळ थांबा. कधीही बाण न लावता दोरी सोडू नका, धनुष्य फुटू शकतं.